कंसातले नाव : पलटणींचे विलीनीकरण आणि परंपरेचे जतन



१२ डिसेंबर १९७१. पूर्व बंगालमध्ये टांगाइलजवळ पुंगली नावाचा एक पूल आहे. आदल्या दिवशी, ११ तारखेला दुपारी, २ पॅरा ही भारतीय पलटण हवाई छत्र्यांनी त्या परिसरात उतरली होती. जमालपूर आणि मैमनसिंगकडून ढाक्याच्या दिशेने माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तोडणे, हे तिला नेमून दिलेले काम होते. पूल हाती आला. अंधारात शत्रूचे हल्ले झाले, ते परतवले गेले. आणि १२ तारखेच्या संध्याकाळी उत्तरेकडून, जमिनीच्या मार्गाने लढत आलेली दुसरी एक भारतीय पलटण येऊन पुलावर तिला मिळाली. ती होती पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री. सैन्यात सारे तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. जमालपूरचा मोर्चा जिंकून ती आली होती.

युद्धाच्या इतिहासग्रंथांत या भेटीला एखाददुसरी ओळ मिळते. ढाका चार दिवसांच्या अंतरावर होते, त्यामुळे इतिहासकाराला थांबायला सवड नाही. परंतु त्या दोन पलटणींची पूर्ण नावे शेजारी-शेजारी लिहून पाहिली, तर थांबावेच लागते. छत्रीधारी पलटणीचे नाव ‘२ पॅरा (मराठा)’ असे होते. १९५२ सालापर्यंत ती तिसरी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. म्हणजे पुंगलीच्या पुलावर त्या संध्याकाळी ज्यांची गाठ पडली, त्या एकाच घरातून वेगळ्या झालेल्या दोन पलटणी होत्या. आणि त्याहून मागे, १९१६ साली, मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात याच दोन पलटणी एकत्र उपाशी राहिल्या होत्या आणि एकाच दिवशी शत्रूच्या कैदेत गेल्या होत्या. तेव्हा मात्र त्यांचे घरही एक नव्हते.

सेनादलात पलटणी एकत्र करणे, मोडणे, दुसऱ्या दलात वर्ग करणे हे सततच चालू असते. शस्त्रे बदलतात, खर्च बदलतो, देशांच्या सीमासुद्धा बदलतात. प्रश्न असा आहे की, हे करताना शे-दोनशे वर्षांच्या रक्ताच्या आठवणींचे काय होते? त्या टिकवायच्या कशा, आणि साऱ्याच टिकवायच्या का? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी सिद्धांतात शोधण्यापेक्षा आपल्या सेनेने प्रत्यक्षात काय केले, ते पाहणे अधिक उपयोगाचे. त्यासाठी कुटपासूनच प्रारंभ करावा लागतो.

पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली बसऱ्याहून बगदादकडे निघाली. त्या डिव्हिजनमध्ये १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री पलटणी आणि ११७ मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या उंबरठ्यावरून मागे फिरावे लागले, आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी या फौजेला तैग्रिस नदीच्या वळणावरील कुट या गावात कोंडले. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपत आले, घोडे कापून खाण्याची वेळ आली. अनेक भारतीय शिपायांनी ते मांस नाकारले आणि उपासमार पत्करली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. त्यांतील कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्की छावण्यांत मरण पावले. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतील किती घरांत त्यानंतर वर्षानुवर्षे कुणाची वाट पाहिली गेली असेल, त्याची गणती कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

या आपत्तीने त्या काळच्या रचनेतला एक मूलभूत दोष उघडा पाडला. तेव्हा बहुतेक रेजिमेंट एकाच पलटणीच्या असत. आपले रंगरूट आपणच भरती करायचे, आपणच शिकवायचे. शांततेच्या काळात ही व्यवस्था घरगुती आणि गोड वाटे; पण संपूर्ण पलटणच नाहीशी झाली की तिच्या मागे उभे राहणारे कोणी उरत नसे. मग कुठल्या तरी परक्या पलटणीतून माणसे ओढून आणायची. भाषा वेगळी, अधिकारी अनोळखी, शेजारच्या माणसाचे गाव ठाऊक नाही, अशा अवस्थेत त्यांनी लढायचे. युद्धाच्या चार वर्षांत हे वारंवार घडले.

म्हणून १९२२ साली संपूर्ण पायदळाची फेररचना झाली. सुट्या पलटणींचे गट बांधून वीस मोठ्या रेजिमेंट करण्यात आल्या. गुरखा रेजिमेंट निराळ्या. मराठ्यांच्या सहा पलटणी एकत्र येऊन ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ निर्माण झाली. १०३ झाली पहिली पलटण, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. आणि ११४ क्रमांकाच्या मराठा पलटणीला दहावा क्रमांक देऊन बेळगावला प्रशिक्षणाच्या कामावर बसवण्यात आले.

या सहाव्या पलटणीपाशी थोडे थांबले पाहिजे. ११४ मराठा ही काही मागे पडलेली पलटण नव्हती. १९१८ च्या ऑक्टोबरात मेसोपोटेमियातील शरकत येथे तिने गाजवलेल्या शौर्याबद्दल तिच्या वाट्याला २८ शौर्यपदके आली होती. अशा पलटणीला सांगण्यात आले की, यापुढे तुम्ही रणांगणावर जायचे नाही. इतर पाच पलटणींसाठी पोरे घडवायची. लढवय्या माणसाला यापेक्षा कठोर आज्ञा कोणती असेल? पण आज बेळगावचे मराठा केंद्र उभे आहे ते त्या आज्ञापालनावर. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे दुसऱ्या महायुद्धातील व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी वेगवेगळ्या पलटणींचे होते, परंतु दोघेही एकाच रेजिमेंटचे होते. विलीनीकरणाचा हिशेब मांडताना कोणाला काय मिळाले, याची यादी होते. कोणी काय सोडले, याचीही व्हावयास हवी.

सहाही पलटणींचे रणसन्मान एकाच सूचीत आले. एका पलटणीने अफगाणिस्तानात मिळवलेला मान तिथे पाऊलही न ठेवलेल्या दुसऱ्या पलटणीच्या नावावर लागला. काही जुन्या माणसांना ते रुचले नसणार हे उघड आहे. परंतु जे वरून लादता येत नाही, ते शिपायांनी आपल्या पद्धतीने राखले. दुसऱ्या पलटणीचे उदाहरण मोठे बोलके आहे. ही मूळची मुंबई फौजेची पाचवी पलटण. बलुचिस्तानातील काहानच्या गढीत १८४० साली तिच्या शिपायांनी दीर्घ वेढ्याला तोंड दिले. ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब तिच्याकडे आला तो १८४१ मध्ये, या कामगिरीनंतर. १९०३ साली किचनेर यांच्या फेररचनेत पाचाचे एकशे पाच झाले. १९२२ मध्ये एकशे पाचाचे दोन झाले. शिपायांनी यांपैकी कशाचीही दखल घेतली नाही. ती पलटण तेव्हाही ‘काळी पाचवी’ होती आणि आजही ‘काळी पाचवी’च आहे. सरकारी कागदावर दोन, माणसांच्या तोंडी पाच! लंडन-सिमल्याच्या कचेऱ्यांनी वेळोवेळी आकडे बदलले आणि कोकण-देशावरच्या पोरांनी मूळचा आकडा जिभेवर जिवंत ठेवला.

एकत्र करणे आणि मोडणे यांत किती अंतर आहे, हेही याच कालखंडात दिसून येते. महार समाजातील तरुणांनी मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या शिपाईगिरी केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ साली १११ महार ही पलटण उभी करण्यात आली, आणि युद्ध सरताच काही वर्षांत ती मोडून टाकण्यात आली. ती कोणत्याही मोठ्या रेजिमेंटची पलटण म्हणून शिल्लक राहिली नाही, म्हणून तिचे नाव कोणत्याही कंसात उरले नाही. १९४१ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना, बेळगावलाच महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हा सारे पुन्हा आरंभापासून उभारावे लागले. वीस वर्षांत अनुभवी हवालदार-सुभेदारांची एक संपूर्ण पिढी सेनेला मुकली होती. त्या रेजिमेंटने पुढे जे नाव कमावले, ते कोणाच्याही कृपेने नव्हे. परंतु मोडलेली साखळी पुन्हा सांधायला किती श्रम लागतात, याचा हा धडा आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न अधिक अवघड झाला. संस्थाने विलीन झाली, पण संस्थानांच्या फौजांचे काय करायचे? त्यांत कवायतीपुरत्या उरलेल्या तुकड्या होत्या, तशीच इंग्रजांच्या कितीतरी आधी जन्मलेली पथकेही होती. पतियाळाच्या पलटणीचा उगम १७०५ चा. त्रावणकोरची नायर पलटण तर १७०४ चा वारसा सांगते. याच त्रावणकोरच्या राजा मार्तंड वर्म्याने १७४१ साली कुळच्चल येथे डच कंपनीच्या फौजेचा पराभव केला होता. एका युरोपीय सत्तेला भारतीय राजाने समोरासमोर दिलेली ती मात होती. अशा फौजांना ‘आजपासून तुम्ही नाही’ असे सांगणे सोपे होते. १९५० च्या सुमारास सैन्याच्या एकीकरणाचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांनी ते सांगितले नाही.

निवड झाली, छाटणीही झाली. निकषांत न बसणाऱ्यांना घरी जावे लागले आणि ते दुःख लहान नव्हते. परंतु ज्या पलटणी घेतल्या, त्या पलटण म्हणूनच घेतल्या आणि त्यांचे गाव त्यांच्या नावात कंसात ठेवले. कोल्हापूरची राजाराम रायफल्स झाली ‘१९ मराठा (कोल्हापूर)’. गायकवाडांच्या फौजेतून ‘२० मराठा (बडोदा)’ आली आणि निजामी मुलखातून ‘२२ मराठा (हैदराबाद)’. त्रावणकोरची झाली ‘९ मद्रास (त्रावणकोर)’, पतियाळाची ‘१५ पंजाब (पतियाळा)’, जयपूरच्या सवाई मान गार्ड्सची ‘१७ राजपुताना रायफल्स (सवाई मान)’. जम्मू-काश्मीरच्या डोग्रा फौजेला तर स्वतंत्र रेजिमेंटचे स्थान मिळाले. १९४७ च्या ऑक्टोबरात ब्रिगेडियर राजिंदर सिंह यांनी मूठभर सैनिकांनिशी उरीच्या वाटेवर आक्रमकांना रोखून प्राणार्पण केले, ते याच फौजेचे. तीच फौज आज जम्मू-काश्मीर रायफल्स म्हणून ओळखली जाते.

व्याकरणात कंस म्हणजे मुख्य वाक्यात नसले तरी चालेल असा मजकूर. सैन्यात मात्र उलट घडले. शिपाई आधी कंसाबाहेरचे नाव धारण करतो, ते देशाचे आणि सेनेचे नाव. परंतु कंसातले नाव त्याला सांगते की, तू इथे उपरा म्हणून आलेला नाहीस, आपले घर बरोबर घेऊन आला आहेस. त्रावणकोरच्या राज्याचे स्वतंत्र अस्तित्व संपून किती दशके लोटली, तरी कुळच्चलच्या विजयस्तंभाला मद्रास रेजिमेंट आजही मानवंदना देते. हे काम राजघराण्याचे होते. ते प्रजासत्ताकाच्या सेनेने आपले मानले.

घोडदळाची कथा याहून निराळी, कारण तिथे एकेक संस्थानी पथक स्वतंत्रपणे टिकवणे शक्यच नव्हते. रणगाड्यांच्या युगात घोडे ठेवायचे तरी किती? म्हणून १९५३ साली ग्वाल्हेर येथे शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्स, जोधपूर व जयपूरकडील स्वार, म्हैसूर लान्सर्स आणि इतर पथकांतून एकच घोडेस्वार रेजिमेंट उभारण्यात आली. तीच ६१ कॅव्हलरी. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाईत स्वारांनी पॅलेस्टाइनमधील हैफा हे बंदर तोफा-मशीनगनच्या माऱ्यातून दौडत जाऊन जिंकले होते आणि मेजर दलपतसिंह शेखावत तिथे धारातीर्थी पडले होते. तो हैफा दिन आज ६१ कॅव्हलरी साजरा करते. त्या दिवशी ग्वाल्हेरच्या वारशाचा स्वार ‘हा आमचा दिवस नव्हे’ असे म्हणत नाही. दिल्लीतील तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या स्वारांचे आहेत. २०१८ च्या जानेवारीत त्या चौकाला हैफाचे नाव जोडले गेले.

येथे एक अप्रिय प्रश्न टाळता येत नाही. परंपरा जपायची म्हणजे सगळीच जपायची का? कंपनी सरकारच्या मुंबई, मद्रास आणि बंगाल फौजांतील पलटणींनी अनेक लढाया भारतीय सत्तांविरुद्धच लढल्या होत्या. १८१७ साली खडकीच्या माळावर पेशव्यांच्या सेनेचा पराभव झाला. त्या लढाईचा रणसन्मान मुंबई फौजेतील पलटणींना मिळालेला आहे. श्रीरंगपट्टणचा आहे, १८५७ सालचेही आहेत. ज्या शिपायांनी ते मिळवले, ते भेकड नव्हते. त्यांनी आपल्या धन्याचे मीठ इमानाने खाल्ले. पण स्वतंत्र भारताच्या सैनिकाने खडकीच्या पराभवाचा उत्सव करावा, हे कोणत्या तर्कात बसते? आपल्या सेनेने याचे उत्तर शांतपणे दिले. भारतीयांना जिंकण्यासाठी वापरल्या गेलेल्या कित्येक लढायांचे मान त्याज्य ठरवण्यात आले आणि त्यांचे दिवस साजरे करायचे नाहीत, असा दंडक पडला. दप्तरातून ते पुसले नाहीत. इतिहास खोडायचा नसतो. परंतु त्यातले काय मिरवायचे, हे ठरवण्याचा अधिकार वारसदाराला असतो.

‘रॉयल’ या बिरुदाचेही असेच झाले. मेसोपोटेमियातील कामगिरीबद्दल ११७ मराठा या पलटणीला १९२१ साली ते मिळाले होते. प्रजासत्ताक झाल्यावर ते गेले, आणि राजाच्या नावाची निशाणे २३ नोव्हेंबर १९५० रोजी डेहराडूनच्या सैनिकी अकादमीत सन्मानाने विसावली. कोणी ती फाडली नाहीत, जाळली नाहीत. त्या निशाणांखाली मेलेली माणसे आपलीच होती, याचे भान ज्यांना होते, त्यांनी तो समारंभ योजला. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींनी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हा रणघोष केला, तो राजा-राणीच्या निशाणाखालीच. निशाण गेले, रणघोष राहिला.

स्वातंत्र्यानंतरच्या फेररचनांत आणखी एक दिशा होती, आणि तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी उत्साहाने बोलले जाते. १९४९ साली जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली. पंजाब, ग्रेनेडिअर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या रेजिमेंटांच्या जुन्या, मानाच्या पलटणी त्यासाठी घेण्यात आल्या आणि भरती सर्व प्रांतांना, सर्व समाजांना खुली झाली. जातीच्या, प्रांताच्या नावाने पलटणी बांधणे ही इंग्रजांची ‘लढाऊ जमाती’ची क्लृप्ती होती आणि ती संपली पाहिजे, असे मानणाऱ्यांना गार्ड्सकडे बोट दाखवता येते. १९७१ साली गंगासागरच्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारे लान्स नायक अल्बर्ट एक्का हे १४ गार्ड्सचे. छोटा नागपूरच्या वनवासी समाजातला तो वीर कोणत्याही एका प्रांताच्या पलटणीत नव्हता. १९७९ साली यांत्रिक पायदळाची रेजिमेंट निर्माण झाली, तिचे केंद्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आहे. तिच्यातही नामवंत पलटणी आणून बसवल्या आणि हळूहळू मिश्र भरती झाली. पहिली शीख पलटण तिथे चौथी झाली. बडोद्याची जी पलटण २० मराठा झाली होती, तीच पुढे यांत्रिक पायदळाची दहावी पलटण झाली. गायकवाडांची फौज, मराठा रेजिमेंट, आणि आता चिलखती गाड्या. एका पलटणीने तीन घरे पाहिली.

म्हणजे मिश्र पलटण लढत नाही, हे म्हणणे खोटे आहे. आणि एका प्रांताची पलटण संकुचित असते, हेही तितकेच खोटे. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात मशीनगनच्या मोर्चावर एकटे चालून गेले, तेव्हा त्यांच्या मनात माणगाव तालुका आणि पलटण यांत भांडण नव्हते. ते तिसऱ्या पलटणीचे होते. म्हणजे पुढे जी २ पॅरा झाली, तिचेच. कंसातल्या ‘मराठा’ या एका शब्दाने ते दोन्ही घरांचे राहिले. फेररचनेचे यश भरतीच्या सूत्रापेक्षा अधिक या गोष्टीवर ठरते की, नव्या शिपायाला जुन्या माणसाचे नाव कोणी सांगते की नाही.

परदेशातील एक उदाहरण ओझरते पाहण्याजोगे आहे. ब्रिटनने डिसेंबर २००४ मध्ये स्कॉटलंडच्या सहा ऐतिहासिक रेजिमेंट एकत्र करण्याचे जाहीर केले, आणि मार्च २००६ मध्ये ‘रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड’ अस्तित्वात आली. ‘ब्लॅक वॉच’ नुकतीच इराकमध्ये लढून आली होती. स्कॉटिश जनता संतापली. सरकारने प्रत्येक पलटणीचे जुने नाव पुढे आणि क्रमांक मागे ठेवला, टोपीवरचे वेगवेगळ्या रंगांचे तुरे राखले. तरी पुढे काय झाले? १६३३ पासूनची रॉयल स्कॉट्स ही पलटण दुसरीशी जोडली गेली आणि ती जोडपलटणही २०२१ मध्ये वेगळ्या नावाच्या नव्या दलात गेली. आर्गाइल पलटण २०१२ च्या निर्णयाने एका कंपनीवर आली. तुरा राहिला, त्याखालची माणसे आटत गेली. अर्थात त्यांतील अनेक रेजिमेंटही १८८१ च्या, १९६१ च्या, १९९४ च्या विलीनीकरणांतूनच घडल्या होत्या, हे तेथील निदर्शक सांगत नसत. पण एवढे मात्र खरे की, गणवेशावरची खूण ही आठवणीची जागा घेऊ शकत नाही.

आपल्याकडे हा विषय पुन्हा जिवंत झाला तो जून २०२२ मध्ये, अग्निपथ योजनेच्या घोषणेने. अग्निवीरांची भरती ‘अखिल भारतीय, सर्व वर्ग’ या तत्त्वावर होईल असे तेव्हाच सांगण्यात आले. सेवा चार वर्षांची; त्यांतून पंचवीस टक्क्यांपर्यंत तरुण पुढे कायम होतील. कोणतीही रेजिमेंट मोडलेली नाही, कोणाचे नाव बदललेले नाही. परंतु मराठा, डोग्रा, गढवाल, शीख या नावांच्या पलटणींत येणारी माणसे कालांतराने बदलतील, तेव्हा हेही एक संथ विलीनीकरणच ठरेल. ते राष्ट्रीय एकात्मतेला पोषक आहे, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला गार्ड्सची आणि यांत्रिक पायदळाची साक्ष आहे, आणि ती हलकी नाही. शंका घेणाऱ्यांच्या बाजूला एक साधा हिशेब आहे. काळी पाचवी हे नाव फेररचनांतून वाचले, ते पंधरा-वीस वर्षे एकाच पलटणीत राहिलेल्या हवालदार-सुभेदारांमुळे. रात्री पहाऱ्यावर नव्या पोराला काहान, शरकत, केरन, जमालपूर सांगणारा तो माणूस होता. चार वर्षांत परत जाणाऱ्या तरुणाला हे कोण सांगणार, आणि बिहारातून किंवा आसामातून आलेल्या तरुणाला ते त्याचे स्वतःचे वाटेल अशा रीतीने कसे सांगणार?

हे काम सरकारी परिपत्रकाने होण्यासारखे नाही, आणि ते सर्वस्वी सेनेवर टाकण्यासारखेही नाही. रेजिमेंटांचे बहुतेक इतिहास इंग्रजीत लिहिले गेले, तेही प्रायः अधिकाऱ्यांच्या दृष्टीने. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी कुटच्या वेढ्यात गेलेल्यांची वाट पाहिली, त्या मुलखात त्या वेढ्याची मराठी गोष्ट घरोघर पोहोचलेली नाही. मराठा पलटणींच्या शिपायांची गावे, त्यांची पत्रे, गावोगावच्या चावडीतील आणि देवळांच्या भिंतींवरील महायुद्धाच्या स्मृतिशिला यांची नोंद गावकऱ्यांना करता येईल, शाळांना करता येईल, माजी सैनिकांच्या संघटनांना करता येईल. कोकणात आणि सातारा-सांगलीच्या पट्ट्यात अशा शिला अजून उभ्या आहेत. कित्येकींवरची अक्षरे चुन्याखाली गेली आहेत. जी नोंद होईल, ती मराठीत व्हावी आणि हिंदीतही, कारण पुढचा शिपाई कदाचित दोन्ही भाषांतून ऐकणार आहे.

आणि त्यात विलंब परवडणारा नाही. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरहून चालत आलेला, पुंगलीच्या पुलावर २ पॅराच्या जवानांना भेटलेला जंगी पलटणीचा सर्वांत तरुण शिपाईसुद्धा आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्या संध्याकाळी पुलावर कोण कोणाला काय म्हणाले, हे अजून त्याला विचारता येते.